विलंबाची किंमत कोणी मोजावयाची?

निरवांगीहून दिल्लीला मुलाखतीसाठी निघालेला तरुण रात्रीच घर सोडतो, पहाटे लोहगाव विमानतळावर पोहोचतो आणि विमान रद्द झाल्याचे त्याला तेथे कळते. कंपनी तिकिटाचे पैसे परत करून मोकळी होते. परंतु बुडालेल्या मुलाखतीचे काय?

नियम आहेत. किमान 24 तास आधी कळविले नसेल, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार परताव्याखेरीज भरपाईही देय होते. उड्डाणाच्या कालावधीनुसार तिची मर्यादा 5 ते 10 हजार रुपये आहे. मूळ भाडे व इंधन आकार मिळून रक्कम त्याहून कमी भरली, तर तेवढीच. कंपनीच्या हाताबाहेरील कारणांना ही तरतूद लागू नाही. प्रवाशाने संपर्काचा तपशील दिला नसल्यासही भरपाई मिळत नाही. म्हणून एजंटाकडून तिकीट काढणाऱ्याने स्वतःचाच दूरध्वनी क्रमांक नोंदविला पाहिजे.

ज्या नुकसानीची किंमत ते करणाऱ्यास मोजावी लागत नाही, ते वाढतच जाते, हा अर्थशास्त्राचा साधा सिद्धान्त होय. मागेल त्यालाच भरपाई, ही रीत कंपन्यांच्याच सोयीची आहे. ती रक्कम परताव्याबरोबर आपोआप मिळावयास हवी.

तोवर तिकीट व कंपनीचे संदेश जपून ठेवावेत, लेखी मागणी करावी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते; निरवांगीकराला त्यासाठी दिल्ली गाठण्याचे कारण नाही, पुण्याचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. न मागितलेली भरपाई अखेर कंपनीच्याच नफ्यात जमा होते.