एकशे सात माणसे

हा अंक आपण स्टॉलवरून उचललात तो आतला मजकूर चाळून की मुखपृष्ठ पाहून, असे मी विचारणार नाही. अशा प्रश्नांना सभ्य माणसे खोटी उत्तरे देतात. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून संपादकांच्या मागे एक चिंता लागलेली आहे. आपला अंक दोरीवर पुढे लटकणार की इतरांच्या पाठीमागे? निरांजनाचे तबक घेतलेल्या किती सुंदरी या चिंतेपोटी मराठी मुखपृष्ठांवर जन्माला आल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आत कथा कितीही चांगली असो, आधी तबकातल्या ज्योतीने गिऱ्हाईकाची पावले थांबवली पाहिजेत.

या सुंदरीला आता ‘थंबनेल’ म्हणतात. हा शब्द मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने शिकवला, आणि तोही हेमलकशात!

मुलगा भामरागडच्या बाजूचा, घरची भाषा माडिया. आश्रमशाळेत मराठी शिकला आणि पुढे आमच्याकडे बी.ए. झाला. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि हाक मारल्याखेरीज तोंड उघडायचा नाही. असा मुलगा इतरांना बोलते करण्याचा उद्योग करील, असे मला स्वप्नातही वाटले नसते. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना समोर बसवून तो त्यांच्याशी चाळीस-चाळीस मिनिटे गप्पा मारतो. रानातली कोणती मुळे कधी खणावीत, कोणत्या सालच्या पुराने गाव हलवले, गोटुलात कोणती गाणी म्हणत असत, असे विषय. सगळे माडियात. मोबाईल एका ओंडक्यावर उभा करून तो ते चित्रित करतो. मग मोटारसायकलवर साठ-पासष्ट किलोमीटर तुडवून आलापल्लीला जातो आणि तिथून ते जगाच्या हवाली करतो. याला व्हिडिओ पॉडकास्ट म्हणायचे. पॉडकास्ट हा शब्द २००४ साली एका इंग्रज पत्रकाराने सहज सुचवला, तेव्हा ती नुसती ऐकण्याची वस्तू होती. पुढे तिला चित्र चिकटले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत यूट्यूबने जाहीर केले की दरमहा शंभर कोटींहून अधिक माणसे आपल्याकडे पॉडकास्ट पाहतात.

त्या शंभर कोटींपैकी माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आली होती एकशे सात.

“एकशे सात म्हणजे वाईट नाही,” मी म्हणालो. “माझ्या तासाला इतकी कधीच नसतात.”

तो हसला आणि त्याने मला गणित सांगितले. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला एक हजार वर्गणीदार लागतात आणि वर्षभरात प्रेक्षकांनी आपल्याकडे चार हजार तास घालवावे लागतात. २०१८ पासूनचा नियम आहे. २०२३ साली खालची एक पायरी आली खरी, पण जाहिरातीचे पैसे तिच्यात नाहीत. एकशे सातांनी चाळीस मिनिटे शेवटपर्यंत पाहिली तरी एका भागाचे तास भरतात एकाहत्तर. म्हणजे बावन्न आठवड्यांच्या वर्षात सत्तावन्न भाग तरी हवेत, आणि एकानेही मधेच उठून जाता कामा नये.

पण पैशापेक्षा त्याला दुसरीच गोष्ट डाचत होती. यूट्यूबचे यंत्र आपली वस्तू आधी थोड्यांपुढे ठेवते. त्यांनी चित्रावर बोट ठेवले आणि ते बराच वेळ रमले, तर आणखी काहींपुढे ठेवते. नुसत्या बोट ठेवण्यापेक्षा रमण्याला जास्त मान द्यायचा, हे त्यांनी २०१२ पासून ठरवले आहे. वाचनालयातल्या जुन्या ग्रंथपालाला याहून निराळे काय करता येत होते? फरक इतकाच की ग्रंथपालाला वाचकाची भाषा ठाऊक असे. ज्यांना माडिया समजते त्यांच्यापैकी कितीजण त्या यंत्रासमोर बसलेले असतात? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे एकोणतीस लाखांवर भरले, आणि माडिया ही त्याच घरातली. पण त्यांच्यात एका घरात एक फोन, आणि तो पोराच्या खिशात.

“मित्र म्हणतात, बिबट्या टाक,” तो म्हणाला. “लोकांना हेमलकसा म्हटलं की बिबट्याच पायजे, सर. थंबनेलवर बिबट्या ठेवला तं लाख माणूस येते म्हणतात.”

त्यात तथ्य आहे. डॉ. प्रकाश आमट्यांच्या अंगाखांद्यावर खेळणारे बिबटे आपण सर्वांनी चित्रांत पाहिले आहेत. यूट्यूबवर चढलेले पहिले चित्रसुद्धा, २३ एप्रिल २००५ चे, एकोणीस सेकंदांचे, हत्तींच्या पिंजऱ्यापुढचे! तिथे जनावरांना पहिल्यापासून मान आहे.

मी त्याला बिबट्याचा सल्ला दिला नाही. मी दिला त्याहून शहाणा सल्ला. “अरे, मराठीत कर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या त्या सुमन धामणे आजी पाहा. २०२० साली नातवाने त्यांचा स्वयंपाक यूट्यूबवर दाखवला आणि लाखो माणसे त्यांना ‘आपली आजी’ म्हणू लागली. खेड्यातल्या आजीला लोक ऐकतात.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. वर्गात राहायचा तसाच. मग म्हणाला, “त्या आजी त्यांच्याच भाषेत बोलतात ना, सर. माझी आजी मराठीत बोलली तं ती फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ बोलते.”

वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला यावर उत्तर सुचले नाही. आमच्या मराठीचे इंग्रजीपुढे काय होणार, म्हणून मी सभांतून गळा काढत असतो. इथे माझ्याच हातून माडियाचे काय होत होते?

आणि आम्ही बसलो होतो ते कुठे? लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी सुरू केला तेव्हा इथे धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात वाट बंद होई. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी दवाखाना उघडून बसले, पण रुग्ण फिरकेनात. लोकांना परक्यांची भीती. या दोघांनी आधी माडिया शिकून घेतली. मग एखादा रोगी बरा होऊन आपल्या पायांनी गावी परतला, त्याने तिथे सांगितले, आणि एका गावाची बातमी चालत चालत दुसऱ्या गावी गेली. १९९५ साली मोनॅको या इवल्याशा देशाने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले, २००८ साली मॅगसेसे पुरस्कार आला, २०१४ साली चित्रपट निघाला. पण हे सारे नंतरचे. आधी दवाखान्यापुढे रांग लागली होती, आणि ती चित्र पाहून लागलेली नव्हती.

माझा सल्ला मी मुकाट्याने परत घेतला. म्हणजे पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

“पण एकशे सातच नाहीत, सर,” तो म्हणाला. “बाजारात पोरं माझ्याकडून घेतात. ह्या फोनमधून त्या फोनमधे. तिथं मोजायला कोणी नसते.”

हे मी आधी वाचलेले होते. इंद्रावतीपलीकडच्या मुलखात शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. फोन लावून आपल्या भाषेत गाऱ्हाणे सांगायचे, दुसऱ्याने फोनवरच ऐकायचे. पुढे तशी बातमीपत्रे ब्लूटूथने या हातातून त्या हातात जाऊ लागली, आणि ब्लूटूथचे लोकांनी ‘बुल्टू’ केले. बुल्टू रेडिओ! असे शब्द घडवायला आमच्या परिभाषा समित्यांना किती बैठका लागल्या असत्या, देव जाणे.

अर्थात बुल्टूने पोट भरत नाही. पेट्रोलचे पैसे तो रोजगार हमीच्या मजुरीतून काढतो, आणि घरी त्यावरून बोलणी खातो. ते चार हजार तास त्याला हवेच आहेत. मला त्यात गैर काही दिसत नाही. लेखकानेही मानधन मागू नये असे म्हणणारे लोक बहुधा पगारदार असतात.

संध्याकाळी त्याने मला नवा भाग दाखवला. आजीचाच. सुरकुतलेला चेहरा, मागे पडवी, मधूनच कोंबड्याची बांग. मला एक अक्षर कळेना, म्हणून तो वाक्यावाक्याला थांबवून मराठी करून सांगू लागला. आजी लहान असताना पर्लकोटेला पूर आला होता, भाताची टोपली डोक्यावर घेऊन तिची आई झाडावर चढली होती, दोन रात्री. चार-पाच मिनिटे त्याने नीट सांगितले. मग आजी काहीतरी बोलली आणि तो हसला. पुढच्या वाक्यावर तो थांबवायचा विसरला. त्याच्या पुढच्याही. तो ऐकत होता. मी त्याला हाक मारली नाही.