जो विकतो, तोच मोजतो

रायपूरच्या समता कॉलनीतील एखाद्या कापड व्यापाऱ्याने वा शिकवणी वर्गाच्या चालकाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तर दुसऱ्या दिवशी अंक उघडून ती छापली गेली की नाही, एवढे तरी पाहता येते. इंटरनेटवरील जाहिरातीत पैसे मोजावे लागतात ते बहुधा क्लिकचे. समजा, एका क्लिकला १० रुपये आणि दिवसाची मर्यादा ५०० रुपये. म्हणजे ५० क्लिक होताच त्या दिवसापुरती जाहिरात बंद. ते क्लिक गिऱ्हाइकांचे होते, प्रतिस्पर्ध्याचे होते की एखाद्या संगणकाने आपोआप केलेले, हे बिलावरून कळत नाही. दुपारी खरोखरच दुकान शोधू पाहणाऱ्यास मात्र जाहिरात दिसत नाही.

ही लबाडी किती थराला जाऊ शकते, हे 'मेथबॉट' प्रकरणाने दाखविले. सप्टेंबर २०१४ ते डिसेंबर २०१६ या काळात अलेक्झांडर झुकोव्ह या रशियन नागरिकाने व त्याच्या साथीदारांनी अमेरिकेतील डॅलस व अन्यत्र १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्याने घेतले आणि ६,००० हून अधिक संकेतस्थळांची तोतयागिरी केली. ती पाने पाहणारा माणूस कोणीच नव्हता. सर्व्हरच पान उघडीत, माउस हलवीत, व्हिडिओ मध्येच थांबवीत. त्यांचे पत्तेही घरगुती जोडण्यांचे भासावेत अशी नोंद करून ठेवलेली होती. जाहिरातदारांचे ७० लाख डॉलरहून अधिक त्यात गेले. २०२१ मध्ये झुकोव्हला १० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

अशा चोरीचा माग काढणे हे आज डेटा सायंटिस्टचे काम आहे. कोट्यवधी नोंदींतून तो विसंगती शोधतो: क्लिक आणि खरेदी यांचे बिघडलेले प्रमाण, रात्री तीन वाजताची अकारण वर्दळ, माणसाला न शोभणारी नियमितता. खरी अडचण पुढेच आहे. भारतात मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच इंटरनेट पत्त्यामागून जोडतात. संशयित पत्ता बंद केला, तर त्यामागची प्रामाणिक गिऱ्हाइकेही बाहेर राहतात. सही जुळत नाही म्हणून परत केलेल्या धनादेशामागे खरा खातेदार असू शकतो, हे काउंटरवरील कर्मचाऱ्यास कोणी सांगावे लागत नाही! चाळणी किती बारीक ठेवावी, हा म्हणूनच निव्वळ गणिताचा प्रश्न राहत नाही. कोणाचे नुकसान चालेल, हे कोणीतरी ठरवीतच असतो.

आणि येथेच मूळ दोष आहे. बँकेत नोंद करणारा आणि ती तपासणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. जाहिरातीच्या या बाजारात जो क्लिक विकतो, बहुधा तोच मोजतो आणि खरा-खोटाही तोच ठरवितो. मोठ्या कंपन्या बनावट क्लिक वगळून त्यांचे पैसे आकारत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि २००६ मध्ये गूगलला याच प्रश्नावरील दाव्यात ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली होती. विक्रेत्याच्या पगारावरील विश्लेषक कितीही सचोटीचा असला, तरी त्यास लेखापरीक्षक म्हणता येत नाही. मोठे जाहिरातदार तपासणीसाठी त्रयस्थ संस्था नेमतात. समता कॉलनीतील दुकानदारास ते परवडणारे नाही.

त्याच्या हाती एक साधी वही मात्र आहे. येणाऱ्या प्रत्येक दूरध्वनीस 'आपल्याला आमची माहिती कोठून मिळाली?' असे विचारून तीत नोंद करावी, जाहिरात रायपूर परिसरापुरती व दुकानाच्या वेळेपुरती मर्यादित ठेवावी, आणि महिनाअखेर बिलावरील क्लिक व वहीतील नोंदी पासबुकाप्रमाणे ताडून पाहाव्यात. खेळत्या भांडवलाचा प्रस्ताव पाहताना मालसाठ्याचे विवरणपत्र बारकाईने वाचणारे शाखाधिकारी जाहिरातखर्चाच्या ओळीवरून सहसा पुढे सरकतात. त्या आकड्यापुढे, त्यातून गिऱ्हाइके किती आली, हा आकडाही त्यांनी व्यापाऱ्याकडे मागावा.