झोक्याचा हिशेब

भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेनला टांगलेली लॅडल, म्हणजे वितळलेल्या पोलादाचे अवाढव्य भांडे, मंद झोके घेते. घर्षण वगळून त्या लहान झोक्यांचे सिम्युलेशन साध्या ऑयलर पद्धतीने केले, दर पायरीला कला ०.१ रेडियन पुढे नेली, तर ऊर्जा प्रत्येक वेळी १ टक्का वाढते. सत्तर पायऱ्यांत दुप्पट! स्थान काढताना जुन्याऐवजी नवा वेग घ्यावा, एवढ्यानेच ती मर्यादेत राहते. चौथ्या कोटीची रुंगे-कुट्टा पद्धत कितीतरी अचूक, पण ऊर्जा कणाकणाने गमावत जाते. लू व्हर्ले यांनी १९६७ मध्ये ८६४ अरगॉन अणूंसाठी वापरलेल्या पद्धतीत ही गळती नाही. अभ्यासक्रमांत मात्र गुण मिळतात ते त्रुटीची कोटी सांगण्याला. लाखाव्या पायरीवर ऊर्जा किती उरली, हा प्रश्न क्वचितच येतो.