तुरुंगाच्या दाराबाहेरची शिक्षा

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगासमोर, ठाण्यास वा येरवड्यास, भेटीच्या दिवशी सकाळी जो कोणी घटकाभर उभा राहील, त्यास तेथे माणसांची एक मुकी रांग दिसेल. तीत म्हातारी आई असते, कडेवर मूल घेतलेली पत्नी असते, रोजंदारी बुडवून आलेला भाऊ असतो. हातातल्या पिशवीत आधार कार्डाची प्रत, चिठ्ठीवर लिहून घेतलेला गुन्ह्याचा क्रमांक आणि धुऊन घडी घातलेले कपडे असतात. यांतले काय आत जाईल व काय परत येईल, हे पहिल्या भेटीपूर्वी त्यांस बहुधा कोणी सांगितलेले नसते. कोणत्याही न्यायालयाने या माणसांस शिक्षा सुनावलेली नाही. तरीही ती शिक्षा भोगीत आहेत. या शिक्षेचा विचार सरकारने व समाजाने करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

ही माणसे ज्यांस भेटावयास येतात, ते बहुसंख्य बंदी अद्याप गुन्हेगार ठरलेले नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. या सर्व तुरुंगांची मान्य क्षमता होती ४,३६,२६६. म्हणजे शिक्षा झालेला एकही मनुष्य आत नसता, तरी केवळ खटल्याची वाट पाहणाऱ्यांनीच आपले तुरुंग भरून गेले असते! आरोप सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानावा, या तत्त्वाची याहून मोठी विटंबना ती कोणती?

अशा कैद्याच्या दृष्टीने नातलगाची भेट ही निव्वळ सांत्वनाची बाब नाही. वकील कोण द्यावयाचा, वकीलपत्रावर सही झाली की नाही, पुढची तारीख कधी, जामीनदार म्हणून कोण उभा राहील, या साऱ्याची बोलणी जाळीपलीकडून वा काचेपलीकडून मिळणाऱ्या काही मिनिटांतच उरकावी लागतात. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत खितपत पडणारे गरीब थोडे नाहीत. भेट हुकली, तर एखाद्याची तारीख हुकते. तारीख हुकली, तर महिने जातात.

कायद्याने हे ओळखलेले आहे. १९८१ साली फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला की, घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात माणुसकीने जगण्याचा हक्क येतो, आणि कुटुंबीयांस व वकिलास भेटणे हा त्याचाच भाग होय. स्थानबद्ध स्त्रीस आपल्या लहान मुलीची भेट महिन्यातून एकदाच मिळावी, हा नियम न्यायालयाने मनमानी ठरविला. भेट ही तुरुंगाधिकाऱ्याची मेहेरबानी नव्हे, हे त्या दिवशी ठरून गेले.

अमेरिकेत याच्या उलट घडले. तेथील ‘काउंटी जेल’ म्हणजे मुख्यतः खटल्याची वाट पाहणाऱ्यांचा स्थानिक तुरुंग. लॉस एंजेलिसच्या अशाच तुरुंगाबाबत १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कच्च्या कैद्यांना प्रत्यक्ष स्पर्शभेटीचा घटनात्मक हक्क नाकारला. पुढे खाजगी कंपन्यांनी पडद्यावरील भेटीची यंत्रे आणली आणि अनेक काउंट्यांनी समोरासमोरची भेटच बंद करून टाकली. मूल आईला भेटावयास तुरुंगापर्यंत यावे आणि त्याच इमारतीत तिला पडद्यावर पाहून परत जावे, असा प्रकार सुरू झाला. अखेर टेक्सास राज्यास २०१५ साली कायदा करून, काही अपवाद वगळता, आठवड्यास वीस मिनिटांच्या दोन प्रत्यक्ष भेटी बंधनकारक कराव्या लागल्या.

हे उदाहरण आम्ही हेतुतः देत आहोत. आपल्याकडे २०२० च्या साथीत प्रत्यक्ष भेटी थांबल्या आणि पडद्यावरील भेटीस चालना मिळाली. आज ‘ई-मुलाखत’ ही सोय रूढ झाली आहे. दूरच्या खेड्यातील ज्या आईपाशी प्रवासाचे पैसे नाहीत, तिला ती खरोखरच उपकारक आहे. परंतु सोय ही पूरक असावी, पर्यायी नव्हे. महाराष्ट्राच्याच कारागृहांनी ‘गळाभेट’ उपक्रमाद्वारे बंद्यांच्या मुलांना आईबापांच्या मिठीत जाऊ दिले आहे. ज्या खात्याला मिठीचे मोल कळले, त्याने पडद्यावर समाधान मानू नये.

सुरक्षेचे काय, असा प्रश्न विचारला जाईल. मोबाइल व अमली पदार्थ आत जातात हे खरे, आणि झडती अवश्य घ्यावी. परंतु झडती घेणे निराळे आणि भेटीस आलेल्यास आरोपी समजणे निराळे. प्रत्येक तुरुंगाच्या दारावर भेटीचे दिवस, लागणारी कागदपत्रे व चालणाऱ्या वस्तू यांचा ठळक मराठी फलक असावा. सावली, पाणी व स्वच्छतागृह असावे. भेट नाकारल्यास कारण लेखी मिळावे. यास मोठा खजिना लागत नाही.

आणखी एक गोष्ट रांगेतील प्रत्येकास सांगितली गेली पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमान्वये कोठडीतील व्यक्तीस, तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. तसेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद सोडून, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यास कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर सुटकेचा मार्ग खुला केला आहे. न्यायालयाकडे तसा अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंगाधीक्षकावर आहे. दाराशीच विधी सेवेचे एक टेबल मांडले, तर कित्येकांची निम्मी पायपीट वाचेल.

आतला मनुष्य आज ना उद्या बाहेर येणार आहे. त्या दिवशी दाराबाहेर कोणी त्याची वाट पाहत असेल की नाही, यावर त्याचे पुढील आयुष्य पुष्कळसे अवलंबून राहील. ती वाट पाहणारी माणसे आज उन्हात रांगेत उभी आहेत. त्यांना दमवून, अवमानून परत पाठविणारे राज्य आपल्याच हिताचा नाश करीत असते.