घरपट्टी माफ झाली, पण घर कोणाच्या नावावर?

सातारा जिल्हा हा सैनिकांचा जिल्हा. येथील अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पण साताऱ्याशी आणखी एका फौजी घराचे नाते आहे. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतून निवृत्त होऊन याच साताऱ्यात राहिले आणि 1900 साली त्यांच्या भिवाने येथील शाळेत नाव घातले. त्याआधीच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्यामुळे. म्हणून माजी सैनिकांचा प्रश्न हा आपलाही प्रश्न आहे.

महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये सर्व माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ केली. त्यापूर्वी ही सवलत मुख्यतः शौर्यपदकधारक व त्यांच्या अवलंबितांपुरती होती. निर्णय चांगला आहे, त्याचे स्वागतच. पण माफी मिळते ती कागदावरच्या घराला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला हवा आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव हवे. आमच्या वस्तीतले घर अनेकदा आजोबांच्या नावावर, नाहीतर गायरानात. सांगलीकडे 2019 आणि 2021 च्या महापुरात घरांबरोबर कागदही गेले. ज्याचा बंगला मोठा, त्याची माफी मोठी. ज्याच्या घराची नोंदच नाही, त्याला काय माफ करणार?

त्यातही ज्याने सीमेवर पाय गमावला, त्याने कुबड्या घेऊन दाखल्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे का घालावेत? त्याचे नाव सैनिक कल्याण कार्यालयाच्या दप्तरात असतेच. ती यादी ग्रामपंचायतींना व नगरपालिकांना पाठवणे काही अवघड नाही. केंद्राचेही तेच. जून 2019 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांचेच अपंगत्व निवृत्तिवेतन करमुक्त, पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांचे नाही, असे परिपत्रक काढले. जखमी होऊनही जो शेवटपर्यंत नोकरी करत राहिला, त्यालाच ही शिक्षा! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

माफी ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत जाऊन माजी सैनिकांची आणि विधवांची यादी करावी. ग्रामसभेत घराच्या नोंदीचा ठराव मांडावा. अपंग सैनिकाचा दाखला त्याच्या दारात द्यावा, अशी मागणी करावी. ज्यांनी देशाची सरहद्द राखली, त्यांच्या घराची हद्द तरी सरकारी वहीत लागू द्या.