न उडणाऱ्या काडतुसाचा हिशेब

सुरक्षा दलांच्या वित्त शाखेत काम करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे रोज ज्या फायली येतात, त्यांपैकी बहुसंख्य फायली रकमेच्या दृष्टीने किरकोळ असतात. परंतु रक्कम किरकोळ म्हणून विचारही किरकोळ करण्याची सवय लागली, तर ती फार महाग पडते. हे मी इतर कोणावर टीका म्हणून लिहीत नाही. ही चूक माझ्याच हातून घडलेली आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका दलाच्या वित्त शाखेत असताना त्याच्या प्रशिक्षण केंद्राकडून डमी काडतुसांच्या खरेदीचा प्रस्ताव आला. 9 मिलिमीटर पिस्तूल आणि 5.56 मिलिमीटरची इन्सास रायफल यांच्यासाठी काहीशे नग हवे होते. मी शेरा लिहिला, की जे काडतूस उडतच नाही त्यावर खर्च करण्याचे औचित्य स्पष्ट करावे, तसेच वापरलेल्या पुंगळ्यांपासून अशी काडतुसे केंद्रातच तयार करता येतील काय, हेही तपासावे. अर्थशास्त्रात एम. ए. केलेल्या माणसाला स्वतःचेच वाक्य आवडावे, असा तो शेरा होता. फाईल परत गेली आणि पुन्हा आली नाही. काटकसर साधल्याचे समाधान मला मिळाले.

केंद्राने माझी सूचना पाळली. चांदमारीवर गोळा झालेल्या रिकाम्या पुंगळ्यांत लेथवर कातलेली पितळी टोके बसवून आर्मररने डमी काडतुसे तयार केली. ती दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी होती, आणि नेमका तोच त्यांचा दोष होता. एका पावसाळी दुपारी मैदानाऐवजी शेडमध्ये पिस्तुलाचा कोरडा सराव चालू होता. आदल्या दिवशीच्या चांदमारीतून एका पाऊचमध्ये राहून गेलेले एक जिवंत काडतूस डमींच्या डब्यात मिसळले होते. भिंतीवरचा लक्ष्याचा कागद सरळ करीत असलेल्या उस्तादाच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. तो लक्ष्यापाशी असताना शस्त्र कोणाच्या हाती का होते, आणि भरण्यापूर्वी प्रत्येक काडतूस तपासले का गेले नाही, हे प्रश्न चौकशीत विचारले गेले, आणि ते योग्यच होते. ठपका उस्तादावर आला. त्याच्या नुकसानभरपाईची फाईल माझ्याच टेबलावर आली, तेव्हा मी तो चौकशी अहवाल वाचला. माझ्या शेऱ्याचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता.

त्यानंतर मी या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूची माहिती करून घेतली. ती येथे देतो, कारण खरेदीच्या फायली हाताळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना ती उपयोगी पडेल असे वाटते.

कोरडा सराव म्हणजे गोळी न उडवता केलेला नेमबाजीचा सराव. नवशिक्याचा नेम चुकतो तो बहुधा डोळ्यामुळे नव्हे. आवाज आणि धक्का यांच्या अपेक्षेने चाप ओढण्याच्या क्षणी त्याचा हात दचकतो, म्हणून नेम चुकतो. ही दचक जाण्यासाठी चाप हजारो वेळा ओढावा लागतो. पन्नास जणांच्या तुकडीत प्रत्येकाने रोज 20 वेळा चाप ओढला, तर सहा दिवसांच्या आठवड्यात ती संख्या 6,000 होते. इतकी जिवंत काडतुसे कोणतेही दल एका तुकडीला दर आठवड्यास देऊ शकणार नाही. ऑलिंपिकच्या पातळीवरचे नेमबाजसुद्धा कोरडा सराव सोडत नाहीत.

केवळ चाप ओढण्यासाठी प्रत्येक शस्त्रात डमी काडतूस लागतेच असे नाही. परंतु मॅगझिन भरणे व बदलणे, अडकलेले काडतूस बाहेर काढणे, चेंबर रिकामे करणे या कृती रिकाम्या शस्त्रावर शिकवता येत नाहीत. शिवाय चांदमारीवर उस्तादाने जिवंत काडतुसांत एखादे डमी गुपचूप भरले, तर त्यावर चाप ओढला जाताच नळीचे तोंड खाली झुकताना शिकणाऱ्याला स्वतःलाच दिसते. दचक ओळखण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. मात्र जिवंत आणि डमी एकत्र आणण्याचा हा प्रयोग चांदमारीवर, उस्तादाच्या नजरेखालीच व्हावा. इतरत्र त्यांची गाठ पडता कामा नये.

आता निवडीविषयी. बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. पहिला प्रकार ड्रिल राउंडचा. यात पुंगळीवर उभ्या खाचा असतात आणि प्रायमरची जागा रिकामी असते. जुन्या .303 रायफलीच्या ड्रिल राउंडवर अशाच खाचा असत व त्यांत लाल रंग भरलेला असे. खाचांचा फायदा असा, की काडतूस अंधारातही बोटांना ओळखता येते. भरणे, काढणे आणि अडथळा दूर करणे यांसाठी हा प्रकार उत्तम आहे. परंतु प्रायमरची जागा रिकामी असल्याने फायरिंग पिनला टेकण्यास काहीच मिळत नाही. दुसऱ्या प्रकारास स्नॅप कॅप म्हणतात. त्यात प्रायमरच्या जागी स्प्रिंगवरचे बटण किंवा रबरासारखा मऊ पदार्थ असतो, आणि तो पिनचा आघात झेलतो. वारंवार चाप ओढायचा असेल तर हाच प्रकार घ्यावा.

.22 रिमफायर रायफलीच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. तिच्यात पिन काडतुसाच्या मध्यावर न आपटता काठावर आपटते. चेंबर रिकामे असेल तर ती चेंबरच्या कडेवरच आदळण्याचा संभव असतो, आणि कडेला खळगा पडला की पुढे खरी काडतुसेही अडकू लागतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आपल्याकडची मुले या खेळाकडे वळू लागली असतील, तर त्यांच्या क्लबांनीही हे लक्षात ठेवावे. त्यातील रायफल .22 रिमफायरच असते. प्रत्येक शस्त्राची पुस्तिका कोरड्या सरावाविषयी काय सांगते, हे प्रथम पाहावे.

साहित्याचाही विचार आवश्यक आहे. प्लॅस्टिकचे डमी स्वस्त, पण एक्स्ट्रॅक्टरच्या ओढीने त्याचा काठ झिजतो, आणि एके-47 सारख्या दांडग्या यंत्रणेत तो लवकरच तुटतो. रंगीत ॲल्युमिनियमचे डमी महाग, पण टिकाऊ. एल-1 पद्धतीत, म्हणजे सर्वांत कमी दराच्या निविदेत, प्लॅस्टिकच जिंकणार, हे उघड आहे. म्हणून दर मागवण्यापूर्वीच अपेक्षा तांत्रिक तपशिलात लिहिली पाहिजे: काठ धातूचा असावा, प्रायमरच्या जागी आघात झेलणारी रचना असावी, मापे मूळ काडतुसाबरहुकूम असावीत, आणि रंग किंवा खाचा यांमुळे ते दुरूनही वेगळे ओळखू यावे. निविदेने वस्तूची किंमत ठरते. वस्तू कोणती हवी हे आपणच ठरवायचे असते. आणखी एक दक्षता अशी, की एस.एल.आर. चे काडतूस 7.62 बाय 51 आणि एके-47 चे 7.62 बाय 39 मिलिमीटर असते. मागणीपत्रात नुसते ‘7.62’ लिहिले तर भलताच माल येऊन पडतो.

देखभाल सोपी आहे, पण ती कोणाच्या तरी नावावर असली पाहिजे. सरावानंतर डमी कोरड्या फडक्याने पुसावे, कारण तेलकट डमीवर धूळ बसते व ती चेंबरमध्ये जाते. काठ झिजला आहे काय, टोक पुंगळीत आत सरकले आहे काय, प्लॅस्टिकला चीर गेली आहे काय, बटण दाबल्यावर परत वर येते काय, हे ठराविक दिवशी पाहावे. रंगाचे पोपडे निघत असतील तर ते डमी तत्काळ बाद करावे. पुन्हा रंगवण्याच्या फंदात पडू नये. बाद केलेले डमी नुसते बाजूला न ठेवता चेपून नष्ट करावे. डमींचा डबा वेगळ्या रंगाचा असावा आणि तो दारूगोळ्याच्या खोलीत कधीही ठेवू नये. सराव सुरू करण्यापूर्वी ‘जाँच शस्त्र’ व्हावे, आणि प्रत्येक डमी डब्यातून काढताना दोन माणसांनी पाहावे.

येथे प्रशासनाचा खरा प्रश्न येतो. अनेक ठिकाणी मी पाहिले, की डमी काडतुसे खरेदी झालेली असतात, पण ती कोतमध्ये कुलपात पडून असतात. कारण विचारले तर कोतचा हवालदार सांगतो, ‘साहेब, एक हरवले तरी चौकशी लागते.’ त्याचे म्हणणे चूक नाही. जिवंत काडतुसाच्या एकेका नगाचा हिशेब ठेवलाच पाहिजे. पण तीच नोंदपद्धती आपण न उडणाऱ्या काडतुसालाही लावली, म्हणजे वापरणाऱ्याला धोका आणि न वापरणाऱ्याला अभय अशी व्यवस्था निर्माण केली. अर्थशास्त्राच्या भाषेत प्रोत्साहनाची दिशाच उलटी झाली. मग उस्ताद घरगुती डमी वापरतो, कारण त्यांची नोंद कोठेच नसते.

वित्तीय नियमांत स्थायी मालमत्ता आणि उपभोग्य वस्तू यांच्या नोंदवह्या वेगळ्या आहेत. माझे मत असे, की डमी काडतुसे दारूगोळ्याच्या नोंदीतून काढून प्रशिक्षणाच्या उपभोग्य वस्तूंत घ्यावीत. त्यांवर क्रमांक कोरावा, झिजून बाद होणाऱ्या नगांचे वार्षिक प्रमाण आधीच मान्य करावे, आणि त्या मर्यादेत बाद झालेल्या नगांसाठी चौकशी नसावी. हिशेब राहावाच, पण तो सराव घडवून आणणारा असावा. यावर आक्षेप असा घेतला जाईल, की सैल नोंदीमुळे डमी बाहेर जातील. त्यावर उत्तर असे, की बाहेर गेलेल्या डमीने कोणाचा जीव जात नाही. नोंदीबाहेरच्या घरगुती डमीने मात्र एका माणसाची बोटे गेली आहेत. पुंगळ्यांपासून डमी करण्यास तर स्पष्ट मनाई असावी.

तो उस्ताद पुढे भांडारात बसून पावत्या फाडू लागला. केंद्राच्या एका भेटीत मी त्याला सांगितले, की तो शेरा माझा होता. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘साहेब, तुम्ही ते काडतूस कधी हातात घेऊन पाहिले होते का?’ मी पाहिले नव्हते. दिल्लीतील माझ्या कार्यालयापासून ते केंद्र मोटारीने दोन तासांच्या अंतरावर होते.

वित्त शाखेत नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्यांना मी आता एवढेच सांगतो, की ज्या वस्तूवर आक्षेपाचा शेरा लिहायचा, ती वस्तू एकदा हातात घेऊन पाहा आणि ती वापरणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा. त्याला अर्धा दिवस लागतो. मी तो अर्धा दिवस वाचवला होता.