‘नॅनो’ औषध मेंदूपर्यंत पोहोचते का?

घरात पार्किन्सन्स, अल्झायमर किंवा एएलएसचा रुग्ण असेल, तर ‘नॅनो तंत्राने औषध थेट मेंदूत’ असा एखादा व्हॉट्सअॅप संदेश तुम्हालाही आला असेल. अशा उपचारावर पैसे खर्च करण्याआधी हे वाचा.

औषध अडते कुठे?

मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. या अडथळ्याला ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. त्यामुळे जंतू आणि घातक पदार्थ मेंदूबाहेर राहतात, पण बहुतेक औषधेही बाहेरच राहतात. पार्किन्सन्समध्ये डोपामिन कमी पडते. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून तुम्हाला लेव्होडोपाची गोळी दिली जाते.

नॅनोकण काय करतात?

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सुमारे १०० नॅनोमीटरच्या स्निग्ध कणात औषध भरले की ते रक्तात लगेच नष्ट होत नाही. फायझरच्या कोविड लशीत असेच कण होते. मात्र शिरेतून दिलेले असे कण मुख्यतः यकृतात जातात.

२०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पॅटिसिरान याच गोष्टीचा फायदा घेते. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात यकृतात तयार होणारे सदोष प्रथिन नसांमध्ये साठते आणि हातपाय बधिर होतात. पॅटिसिरान यकृतातच त्या प्रथिनाची निर्मिती कमी करते. २२५ रुग्णांच्या चाचणीत, १८ महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांच्या नसांची स्थिती सरासरीने थोडी सुधारली, तर इतरांची खालावली. म्हणजे आजार नसांचा, पण औषध जाते यकृतात.

एएलएसमध्ये सोन्याचे नॅनोकण तोंडावाटे देऊन पाहिले गेले. अमेरिकेतील त्या चाचणीच्या २०२२ मधील निकालानुसार, २४ आठवड्यांत आजाराचा वेग अपेक्षेप्रमाणे कमी झाला नाही. कण लहान आहे म्हणून गुण येईलच, असे नाही.

तुम्ही काय विचाराल?

• औषध नेमक्या कोणत्या अवयवात पोहोचते?
• ‘गुण आला’ तो उंदरांत की माणसांत?
• या आजारासाठी भारतीय औषध नियंत्रकांची मान्यता आहे का?
• चाचणी असेल, तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक काय? चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेतले जाऊ नयेत. कोणी मागत असेल, तर सावध व्हा.

ही उत्तरे लिहून घ्या आणि तुमच्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा. नव्या उपचाराच्या आशेने चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. लेव्होडोपा अचानक थांबवल्यास तीव्र ताप आणि अंग ताठणे असा जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो.